बोस, व्हिव्हियन

(९ जून १८९१–२९ नोव्हेंबर १९८३). नागपूरचे नामवंत कायदेपंडित, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सत्तेपुढे सामान्य माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू उचलून धरणारे निकाल आणि सोपी, थेट भाषा यांमुळे त्यांचे नाव आजही न्यायालयांत घेतले जाते.

बोस यांचा जन्म अहमदाबादचा. मात्र त्यांचे घराणे नागपूरला स्थायिक झालेले होते. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे त्यांचे आजोबा. इंग्लंडमध्ये डलिच कॉलेज आणि केंब्रिजचे पेम्ब्रोक कॉलेज येथे शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. परतल्यावर त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९२४ ते १९३० या काळात ते तेथील विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे त्यांनी मध्य प्रांत सरकारचे वकील म्हणूनही काम पाहिले.

जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय सुरू झाले आणि सुरुवातीपासूनच बोस तेथे न्यायाधीश होते. त्याआधी प्रांताचे सर्वोच्च न्यायपीठ म्हणजे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. 

दुसरे महायुद्ध आणि ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात बोस यांची खरी कसोटी लागली. भारत संरक्षण नियमांतील नियम १२९ अन्वये वाजवी संशयावरून कोणालाही अटक करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला होता. त्यात १९४४ च्या तिसऱ्या वटहुकमाने स्थानबद्धतेच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद करू पाहिली. विमलाबाई देशपांडे खटल्यात बोस आणि सेन यांच्या खंडपीठाने हा अडसर मानला नाही. आदेश खरोखरच कायद्यानुसार निघाला आहे की नुसते कायद्याचे नाव पुढे केले आहे, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला राहतोच, असे खंडपीठाने ठरवले. संशयाला वाजवी आधार होता, हे दाखवण्याची जबाबदारीही अटक करणाऱ्यावरच टाकली. सरकारने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. तेथेही १९४६ मध्ये नागपूरचाच निकाल कायम राहिला. तीस वर्षांनी, आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या खटल्यात (१९७६) न्या. हंसराज खन्ना यांनी आपल्या भिन्नमतात या निकालाचा आधार घेतला.

भगवतीचरण शुक्ल प्रकरणातील (१९४७) निकालात त्यांनी घालून दिलेली कसोटी सर्वाधिक उद्धृत झाली. एखाद्या लेखनाचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने मोजावा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नव्हे, असा तिचा आशय आहे. ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेविरुद्धच्या खटल्यात (१९८८) आणि इम्रान प्रतापगढी यांनी प्रसारित केलेल्या कवितेच्या प्रकरणात (२०२५) सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली.

१९४९ मध्ये बोस नागपूरचे मुख्य न्यायाधीश झाले आणि मार्च १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) पश्चिम बंगालचा विशेष न्यायालयांचा कायदा समतेच्या हक्कावर अडला. बहुमताशी सहमत होताना बोस यांनी वेगळे निकालपत्र लिहिले. वर्गीकरणाची सूत्रे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. निःपक्षपाती, विचारी माणसाला हे लोकशाही राज्यात शोभणारे समान वागणे वाटेल का, हा प्रश्न त्यांनी निर्णायक मानला.

जून १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांना पुन्हा सर्वोच्च न्यायालयात बसण्यास पाचारण करण्यात आले. त्या काळातील विरसा सिंग खटल्याचा निकाल (१९५८) विधी शाखेचा विद्यार्थी आजही पाठ करतो. भाल्याच्या एकाच वारात पोटातील आतडी बाहेर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दगावला होता. ठार मारण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, तरी नेमकी तीच जखम करण्याचा हेतू असेल आणि ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी असेल, तर तो खूनच ठरतो, असे बोस यांनी स्पष्ट केले.

उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग घेण्याच्या आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहाराशी संबंधित अधिकाऱ्यांची चौकशी त्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने केली. त्या चौकशीच्या अहवालातील शेऱ्यांवरून पंतप्रधान नेहरूंनी १९५९ मध्ये पत्रकार परिषदेत बोस यांच्याविषयी अनुदार उद्गार काढले. कलकत्त्याच्या वकिलांनी निषेध नोंदवताच नेहरूंनी दिलगिरी व्यक्त केली. दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशी आयोगाचे कामही बोस यांनी पूर्ण केले; त्या अहवालामुळे कंपनी कायद्यातील दुरुस्तीला चालना मिळाली.

बालवीर चळवळीतही ते अग्रणी होते. नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी जॉन मॉट यांची कन्या आयरीन या त्यांच्या पत्नी. बोस यांचे निधन बंगळूर येथे झाले. त्यांचे नागपूर उच्च न्यायालय १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत संपुष्टात आले आणि विदर्भासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आले.