नायकाची तलवार आणि पटाइताचा हात

मराठी ऐतिहासिक कादंबरीतील तरुण नायकाला तलवार सहसा शिकावी लागत नाही. मिसरूड फुटते न फुटते तोच तो म्यानातून पाते उपसतो आणि शिपाईगिरीत केस पिकलेले चार असामी लोळवितो. त्याचा वस्ताद कोण, त्याने कोणत्या तालमीत घाम गाळिला, याची चौकशी वाचकही करीत नाही. थोर कुळाचे रक्त अंगी आहे, एवढे कारण पुरेसे समजले जाते.

मराठ्यांचा प्रसिद्ध पट्टा मात्र अशा जन्मसिद्ध कौशल्याला दाद देणारा नव्हे. त्याचे पाते लांब, सरळ व लवचिक असते. हात कोपराच्या जवळपास लोखंडी आवरणात जातो आणि मूठ आत आडवी धरावी लागते. त्यामुळे मनगट जखडले जाते. साध्या तलवारीचा चुकलेला वार मनगटाच्या मुरडीने सावरता येतो. पट्ट्याचा वार खांदा, कंबर आणि पाऊल यांनीच सावरावा लागतो. न शिकलेल्याच्या हाती तो शत्रूइतकाच धन्यालाही घातक. म्हणूनच तालमीत आधी फरी-गदका, म्हणजे चामड्याची लहान ढाल व काठी. भाषेनेही याची आठवण राखिली आहे. 'पटाईत' म्हणजे मुळात पट्टा चालविणारा, आणि 'पवित्रा' म्हणजे खेळणाराने घेतलेला पायांचा ठाव. हे दोन्ही शब्द पुढे वकिलांच्या आणि पुढाऱ्यांच्या वाट्यास गेले, हा भाग निराळा!

सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी पट्ट्याची अशीच कसोटी लागली. अफझलखान पडल्यावर त्याचा पटाईत सय्यद बंडा महाराजांवर धावून आला. त्याचे वार महाराजांनी अडविले. पुढचा वार पडणार तोच जिवा महालाने त्याचा शस्त्राचा हात तोडिला. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग अवघ्या काही ओळींत आटोपतो. जिवा कोणा सरदारघराण्यातला नव्हता. उगारलेला हात खाली येण्याच्या आत आपले पाऊल आणि पाते दोन्ही नेमक्या जागी पोहोचविणे, हे रक्ताचे काम नसून सरावाचे आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण जिवाचे असणे सांगते. त्यामागच्या तालमीबद्दल ती मुकी आहे, आणि त्याला घडविणाऱ्या वस्तादाचे तर कोणास नावही ठाऊक नाही.

मग कादंबरीतला नायक आला कोठून? त्याची एक वाट सांगलीच्या रंगभूमीकडे जाते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये तेथे 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकीत, तलवारी परजीत प्रवेश करीत, राळेचा भडका उडे आणि त्यांचा पराभव कथेनेच ठरलेला असे. तेथे नायक जिंकतो, कारण तो नायक आहे. प्रेक्षकांनाही याहून अधिक कारण नको होते. तथापि, पुराणकार यापेक्षा सावध होते. वाल्मीकींचा राम मिथिलेस जाण्यापूर्वी विश्वामित्रांपाशी अस्त्रविद्या घेतो. धनुष्याचा प्रसंग त्यानंतरचा.

फ्रेंच कादंबरीकार द्यूमा याच्या 'तीन शिलेदार' या १८४४ च्या कथेतील दार्तान्यां हाही खेड्यातून आलेला उतावळा पोर आहे. परंतु त्याला सराव थोडा असला तरी शास्त्र पक्के ठाऊक होते, एवढी नोंद लेखक करतो. आपल्याकडच्या किती लेखकांना एवढीही गरज भासली असेल?

उपजत गुण म्हणून काही नाहीच, असे मात्र इतिहास म्हणत नाही. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डावा हातच ढालीसारखा पुढे केला, असे सभासद लिहितो. हा डाव कोणता वस्ताद शिकवील? तालीम जेथे संपते तेथून पुढचे हे धैर्य आहे. पण त्या हाताने विजयी नायक घडला नाही. उदेभान आणि तानाजी, दोघेही तेथेच पडले.