सव्वादोन तोळे शिसे

१८७३ साली अमेरिकेच्या लष्करी खात्याने आपल्या पायदळाकरिता जे नवे काडतूस मुक्रर केले, त्याचे नाव तिकडील तत्कालीन रिवाजाप्रमाणे निव्वळ आकड्यांचे होते. '४५-७०-४०५' या नावातील पहिला आकडा गोळीचा व्यास इंचाच्या शतांशांत सांगे, दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये सांगे, आणि तिसरा शिशाच्या गोळीचे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ साली आपल्याकडील तोळा १८० ग्रेनांचा ठरवून दिला होता. त्या हिशेबाने ही गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची भरते. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात घडलेल्या एकबारी रायफलीसाठी केलेली ही तजवीज लष्करात वीस वर्षेच नांदली; परंतु शिकाऱ्यांच्या हाती ती शतकाहून अधिक काळ टिकली, आणि याचे मोठे कारण असे की, हे काडतूस कारखान्याखेरीज माणसाला आपल्या हाताने भरता येत असे.

काळ्या दारूचा स्वभाव येथे ध्यानी घेतला पाहिजे. शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असे तिचे ठोकळ प्रमाण. ती जागा फार व्यापते, आणि पितळी पुंगळीत ती गोळीच्या बुडापर्यंत पोकळी न ठेवता भरावी लागते. ७० ग्रेनांची पुंगळी ७० ग्रेनांनीच भरत असल्यामुळे, भरणारा कितीही अडाणी किंवा उतावळा असला तरी त्याच्या हातून दारू जास्त पडण्याची धास्ती नव्हती. पुंगळी हेच त्याचे मापटे होते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे पौंडभर दारूत बरोबर शंभर बार, हा हिशेब सरहद्दीवरच्या दुकानदाराला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला सारखाच तोंडपाठ असे. या दारूशी हिंदुस्थानचाही एक जुना ऋणानुबंध होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभी, १८६१ साली, दारूच्या प्रख्यात कारखानदार घराण्यातील लामो दु पाँ हा सरकारच्या वतीने सोरा खरीदण्यासाठी लंडनला गेला, तेव्हा त्याने बांधलेला सौदा मुख्यतः हिंदुस्थानी सोऱ्याचा होता, आणि त्या काळी जगाला सोरा पुरविणारा मोठा मुलूख म्हणजे बिहार.

आरंभीच्या लष्करी पुंगळ्या तांब्याच्या असून त्यांची टोपी आतल्या बाजूस बसविलेली असे, त्यामुळे त्या एकदा उडविल्या की निकामी होत. शिवाय तापलेल्या बंदुकीत तांबे फुगून पुंगळी अडकते, असा बोभाटा तेथील मूळ रहिवाशांशी झालेल्या १८७६ सालच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर पुष्कळ झाला. पुढे पितळ आले, टोपी बाहेरून बसू लागली, आणि १८८० नंतरच्या दशकात तर लष्कराने आपल्या पलटणींना पुंगळ्या पुन्हा भरण्याची हत्यारेच दिली. नागरी शिकारी मात्र त्याआधीच या कामात तरबेज झाले होते. १८७०च्या सुमारास बायसनच्या कातडीला चामड्याच्या गिरण्यांतून मागणी आली, आगगाडीने माल नेण्याची सोय झाली, आणि मैदानी मुलखात कातडी कमावण्यासाठी फिरणाऱ्या टोळ्यांनी शिसे, दारू व टोप्या घाऊक भावाने घेऊन रात्री शेकोटीजवळ पुंगळ्या भरण्याचा उद्योग आरंभिला. पुंगळी धुऊन वाळवावी, जुनी टोपी काढून नवी ठासावी, दारू मापून ओतावी, शिशात थोडे कथील मिसळून साच्यात गोळी ओतावी, तिच्या खाचांत चरबी व मेण भरावे आणि ती दारूवर घट्ट बसवावी, असा हा क्रम होता. ही काटकसर ज्या कामी लागली ते काम मात्र भयंकर होते. १८८३ साल संपता संपता मैदानातील बायसनांचे मोठे कळप नामशेष झाले.

या टोळ्यांच्या बंदुका एकबारी होत्या. चापाखालची तरफ खाली-वर करून एकामागून एक बार काढणारी लिव्हर-ॲक्शन रायफल त्या काळीही लोकप्रिय होती; परंतु विंचेस्टर कंपनीच्या १८७३च्या नमुन्याची यंत्रणा पिस्तुलाच्या तोडीच्या आखूड काडतुसापुरतीच होती, आणि १८७६चा थोराड नमुनादेखील ४५-७०ची लांबी सामावून घेऊ शकत नसल्यामुळे कंपनीला त्यासाठी आखूड व फुगीर असे निराळे ४५-७५ काडतूस काढावे लागले. १८८१ साली मार्लिन कंपनीने ही अडचण प्रथम यशस्वीपणे दूर केली. त्यानंतर युटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग नावाच्या तरुण कारागिराने रायफलीच्या पाठीमागील दांड्याला दोन्ही अंगांनी उभ्या सरकपट्ट्यांचा अडसर देणारी जी रचना केली, ती विकत घेऊन विंचेस्टरने १८८६चा नमुना बाजारात आणला, आणि मोठ्या बोअरचे काडतूस व तरफेची चपळाई यांचा मेळ पक्का बसला. आता गिऱ्हाइकापुढे निवड उभी राहिली. जड व संथ गोळी हवी त्याने ४५-७० घ्यावे. हलकी गोळी अधिक वेगाने, अधिक सरळ रेषेत जावी असे ज्यास वाटे त्याने ४०-८२ किंवा ४५-९० घ्यावे. आणि ज्याला केवळ धक्क्याचीच प्रीती असेल त्याच्यासाठी ५०-११० हजर होते.

या रायफलीने भरणाऱ्यावर दोन नवे निर्बंध घातले. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक ठेवली जात, म्हणजे मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असे. सबब गोळी चपट्या नाकाचीच हवी, अन्यथा धक्क्यासरशी त्या नळीतच बार होण्याचा धोका. तसेच स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत आत सरकू नये म्हणून पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत किंचित मुरडावे लागे. कनेक्टिकट संस्थानात जॉन बार्लो याने १८८४ साली स्थापिलेल्या 'आयडियल' कंपनीची पकडीसारखी हत्यारे ही सर्व कामे एकाच दस्त्यात करीत, आणि तिच्या माहितीपुस्तिकांनी शेतकऱ्या-गुराख्यांपर्यंत हा हुन्नर पोचविला. कालांतराने हा धंदा मार्लिनकडून फिरत फिरत १९२५ साली लायमन कंपनीकडे गेला.

इतक्यात बिनधुराची दारू आली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ साली ती सिद्ध केल्यावर दहा-बारा वर्षांतच बारीक बोअरच्या वेगवान काडतुसांनी लष्करे व्यापली, आणि शिकारीतही ३०-३० सारखी हलकी काडतुसे घरोघर झाली. मार्लिनचा १८९५चा नमुना १९१७ साली बंद पडला, विंचेस्टरचा १८८६चा नमुना १९३५ साली. परंतु नव्या दारूने घडविलेला याहून खोल बदल पुंगळीच्या पोटात झाला. थोड्या वजनात पुष्कळ शक्ती असणारी ही दारू ४५-७०च्या प्रशस्त पुंगळीत तळाशी पडून राहते, आणि चुकून दुप्पट ओतली तरी ती मावते. काळ्या दारूच्या काळी पुंगळीने स्वतः सांभाळलेली मर्यादा आता भरणाऱ्याच्या तराजूवर आणि सावधपणावर येऊन पडली. कारखानदारांना तर याहून मोठे संकट होते. १८७३च्या त्या सरकारी रायफली अद्याप कोणाच्या ना कोणाच्या घरी शाबूत होत्या, आणि दुकानातून नेलेली पेटी कोणत्या बंदुकीत जाईल याचा भरवसा कोण देणार? म्हणून कारखान्याचे काडतूस सर्वांत दुबळ्या बंदुकीच्या मापाने भरण्याचा दंडक पडला. आजही अमेरिकन कारखानदारांच्या संघटनेने त्यासाठी ठरविलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड इतकी माफक आहे.

आपली बंदूक कोणती हे निश्चित जाणणारा एकच मनुष्य असतो, तो तिचा मालक. त्यामुळे या दंडकाच्या पलीकडे जाण्याची मुभा केवळ स्वतः भरणाऱ्यालाच उरली. १९७२ साली मार्लिनने १८९५ हे जुनेच नाव देऊन नव्या पोलादाची ४५-७० रायफल काढली, तेव्हा या काडतुसाला पुन्हा पालवी फुटली. त्यापुढील भरण्याच्या ग्रंथांत याच एका काडतुसाचे तीन निरनिराळे तक्ते छापले जाऊ लागले: पहिला स्प्रिंगफील्डच्या जुन्या रायफलीसाठी, दुसरा मार्लिनसारख्या तरफेच्या रायफलीसाठी, तिसरा रुगर कंपनीच्या भक्कम एकबारीसाठी. पहिल्या तक्त्याचे काडतूस तिसऱ्या बंदुकीत निर्धास्त चालते. उलट केल्यास बंदूक फुटते आणि माणूस जायबंदी होतो. बंदुकीची कुळी ओळखल्यावाचून काडतूस निवडताच येत नाही, अशी या हुन्नराची अट झाली.

हिंदुस्थानात ४५ बोअरला राज्यकर्त्यांच्या भयाने अडविले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने ४५० बोअरच्या, म्हणजे इंचाच्या सहस्रांशांत मोजलेल्या ४५ बोअरच्याच, काडतुसांवर बंदी घातली. तेवढ्याच बोअरच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती असल्यास या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील, असा तिचा रोख होता. विंचेस्टरचे ४०५ बोअरचे १९०४चे काडतूस मात्र या बंदीच्या कक्षेबाहेर राहिले. ते उडविणारी, ब्राउनिंगच्याच हातची विंचेस्टरची १८९५ची रायफल तरफेची असूनही तिची काडतुसांची पेटी चापाच्या पुढे उभी होती, त्यामुळे टोकदार गोळीचे भय तिला नव्हते. थिओडोर रूझवेल्टने ती १९०९ साली पूर्व आफ्रिकेत नेली, आणि दक्षिण हिंदुस्थानात बंगलोरच्या केनेथ अँडरसनने नरभक्षक वाघ-बिबळ्यांच्या मागे जाताना तिलाच आपलेसे केले. ज्या १९७२ साली तिकडे ४५-७० नव्याने जन्मली, त्याच साली इकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौसेच्या शिकारीचे प्रकरण मिटले.

अमेरिकेत ते परवाने व हंगाम यांच्या बंदोबस्तात अद्याप चालू आहे, आणि तेथे ४५-७० काडतुसाने बहुतेक हरणेच मारली जातात. सेकंदाला सुमारे १,३०० फूट वेगाने जाणारे सव्वादोन तोळे शिसे बायसनला पुरत होते, आणि बायसनहून मोठा प्राणी त्या खंडात नाही. तेव्हा तिसऱ्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाण्याचे कारण शिकारीच्या गरजेत शोधू गेल्यास सापडत नाही. ते भरणाऱ्याच्या हौसेतच शोधावे लागते.