ओलीची राखण : दख्खनमधील कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची वाटचाल

सह्याद्रीचा घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जाऊ लागले, की पाऊस झपाट्याने कमी होत जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि पुणे जिल्ह्यांचा पूर्वभाग, सोलापूर, विजापूर, बेळगाव जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके आणि त्यापुढील रायचूर-बल्लारी असा हा सलग अवर्षणप्रवण पट्टा आहे. मराठी आणि कानडी अशा दोन भाषा या पट्ट्यात बोलल्या जातात. परंतु मातीचा रंग, हातातील औत आणि आभाळाकडे पाहणाऱ्या डोळ्यांतील काळजी या बाबतीत दोन्ही भाषिक शेतकरी एकच आहेत. या प्रदेशाला अन्न पुरविणाऱ्या कोरडवाहू शेतीचा इतिहास मात्र लढाया आणि राजवटींच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही.

या शेतीचे मर्म पावसाच्या बेरजेत नसून त्याच्या वाटणीत आहे. सोलापुरास वर्षाकाठी सरासरी सुमारे २८ इंच, तर विजापुरास सुमारे २३ इंच पाऊस पडतो. जगातील कित्येक प्रदेश यापेक्षा कमी पावसावर उत्तम धान्य पिकवितात. येथे मात्र मृगाचा पाऊस लहरी असतो, जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक उघडीप पडते आणि भरवशाचा पाऊस यावयाचा तो उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत. म्हणून खोल काळ्या जमिनीत पावसाळाभर पीक न घेता रान मोकळे ठेवावयाचे, पडेल तो पाऊस मातीत मुरवावयाचा आणि त्या साठलेल्या ओलीवर थंडीच्या दिवसांत शाळू पिकवावयाचा, अशी रीत पडली. ज्याला विहीर नाही, पाट नाही, त्याच्या दृष्टीने जमीन हाच तलाव होता. ही ओल राखण्याची विद्या म्हणजेच कोरडवाहू शेतीची विद्या होय.

शेतकऱ्याजवळ या विद्येची साधने पूर्वापार होती. ढेकळे फोडून वरचा थर भुसभुशीत ठेवणारा कुळव, बी ओलीपर्यंत पोचविणारी पाभर, उभ्या पिकातील तण काढून भेगा बुजविणारे कोळपे आणि उतारावर माती अडविणाऱ्या ताली ही ती साधने. काळ्या रानात लाकडी नांगर ओढण्यास सहा-आठ बैल जुंपावे लागत. त्यामुळे हरळी-कुंद्याने रान व्यापले, की काही वर्षांतून एकदाच नांगरट होई. इंग्रजी अमदानीत डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी केली. येथील शेतकरी अडाणी व मागासलेला आहे, हा सरसकट समज त्याने आपल्या अहवालात खोडून काढला. शेतकऱ्याला पुष्कळ गोष्टी कळतात, उणीव आहे ती साधनांची, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

साधनांच्या या उणिवेची किंमत त्यापूर्वीच मोजावी लागली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. पुढे विजापूर या नावाने ओळखल्या गेलेल्या तेव्हाच्या कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ आणि १८८१ च्या खानेसुमारींच्या दरम्यान पाचव्या हिश्शाहून अधिक घटली. त्यानंतर सरकारचे लक्ष गेले ते रेल्वे, दुष्काळी कामे आणि कालवे यांकडे. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पण कालव्याचे पाणी मोजक्या गावांना मिळाले आणि तेथेही ते हळूहळू उसाकडे वळले. उरलेल्या विस्तीर्ण कोरडवाहू मुलखाचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, लष्कर आणि पोलीस यांतील रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल, अशी सूचना केली होती. माती आणि पाणी यांचा एकत्र विचार करणारी ही सूचना काळाच्या पुष्कळ पुढे होती. तिची दखल घेण्यास सरकारला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे प्रथम अर्थशास्त्राच्या बाजूने पाहिले गेले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची घरोघर पाहणी केली. ती १९२१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बेभरवशाचा पाऊस आणि कर्जाचे व्याज या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबांचे चित्र त्या पाहणीतून पुढे आले. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू संशोधनाचे प्रमुख सूत्रधार झाले. आधी कुटुंबाच्या जमाखर्चाची आणि मग मातीतील ओलीच्या जमाखर्चाची मांडणी त्यांच्या हातून व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण म्हणावी लागेल.

१९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर प्रयोगांस आरंभ केला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि या विषयास अखिल भारतीय महत्त्व आले. केंद्रीय शेती संशोधन परिषदेच्या साहाय्याने १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे संशोधन केंद्रे सुरू झाली. पाठोपाठ मद्रास इलाख्यात हगरी, निजामाच्या राज्यात रायचूर आणि पंजाबात रोहतक अशी केंद्रे निघाली. सोलापूरच्या केंद्रात निरनिराळ्या तऱ्हेने राखलेल्या उतारांच्या तुकड्यांवरून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजण्यात आली. देशातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या मोजण्यांमध्ये तिची गणना होते. गवताने झाकलेल्या जमिनीपेक्षा उघड्या रानातून कितीतरी अधिक माती धुपून जाते, ही गोष्ट तेथे आकड्यांनी सिद्ध झाली. पीक बुडाले तर पुढच्या वर्षी येते; परंतु वाहून गेलेला मातीचा थर शेतकऱ्याच्या हयातीत परत येत नाही. दुष्काळापेक्षाही धूप हा मोठा शत्रू आहे, हे त्या मोजण्यांनी प्रथमच स्पष्ट केले.

या दहा वर्षांच्या कामातून जी शिफारस तयार झाली, ती 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धत' या नावाने ओळखली जाते. शेताला बांधबंदिस्ती करावी, दर तीन वर्षांनी एकदा नांगरट करावी, पावसाळ्यात वरचेवर कुळवाच्या पाळ्या द्याव्यात, दोन-तीन वर्षांतून एकदा शेणखत घालावे, दोन ओळींत अंतर अधिक ठेवून बी कमी पेरावे आणि पीक उभे असता तीन-चार कोळपण्या कराव्यात, अशी तिची कलमे आहेत. बेताची ओल बेताच्या रोपांना पुरवावी, हे त्यामागील सूत्र. यातील एकही औत शेतकऱ्याला परके नव्हते. संशोधकांनी नवे तंत्र आयात न करता जुन्या रीतींचे मोजमाप केले, त्यांचा क्रम लावला आणि कारणे सांगितली. कानिटकरांनी हे सर्व ज्ञान 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' या १९४४ च्या ग्रंथात एकत्र केले.

याच काळात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने 'एम ३५-१' हा वाण तयार झाला. मोत्यासारखा टपोरा दाणा, चवदार भाकरी, जनावरांना आवडणारा कडबा आणि ओल सरत आली तरी तग धरण्याची शक्ती या गुणांमुळे तो पुढे अनेक दशके रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात टिकून राहिला. कडब्याचा गुण येथे गौण मानून चालत नाही. बैल जगला तरच पुढची कुळवणी होते, हा हिशेब शेतकरी कधी विसरत नाही.

असे असूनही या पद्धतीचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. उत्पन्नातील वाढ साधारण १५ ते २० टक्क्यांच्या घरात राहिली. मुळातच एकरी उत्पन्न अल्प असल्यामुळे ही वाढ धान्याच्या दोन-चार पायल्यांपलीकडे जात नसे. तीसाठी बांध, नांगरट, शेणखत आणि जादा कुळवणी यांचा खर्च मात्र आधी करावा लागे. ज्याच्या दावणीला एकच बैल आणि ज्याचे शेण चुलीत जाते, त्याला ही कलमे पाळणे अवघड होते. शास्त्र खरे होते, पण ते पेलण्याइतके भांडवल गावात नव्हते. जातेगावच्या पाहणीत दिसलेली अडचणच येथे आडवी आली, असे म्हणता येईल.

बांधाचा प्रश्न तर एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. वरच्या शेताचे पाणी खालच्याचा बांध फोडते. म्हणून काम उताराच्या माथ्यापासून करावे लागते आणि त्यासाठी सर्वांची संमती लागते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने सलग क्षेत्राची योजना आखून बांधबंदिस्ती करण्यास आधार दिला. स्वातंत्र्योत्तर काळात हजारो एकरांवर समपातळी बांध घातले गेले. हलक्या व मध्यम जमिनींत त्यांचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात बांधांना भेगा पडत, पावसाळ्यात त्यांच्या कडेला पाणी तुंबे आणि बांध फुटत. अशा रानात पाणी अडविण्याबरोबरच जादा पाणी हळुवार बाहेर काढणारे उताराचे बांध हवेत, हा धडा अनुभवाने मिळाला.

पुढे संकरित बियाणे आणि रासायनिक खते यांचे युग आले. पण त्याचा भर ओलिताच्या शेतीवर होता. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला. सोलापूर आणि विजापूर ही जुनी केंद्रे त्यात सामील झाली. दोनच वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळाने, या संशोधनाची निकड पुन्हा सिद्ध केली. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तर १९८५ मध्ये हैदराबाद येथेच केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था उभी राहिली. शाळूची पेरणी ऑक्टोबरपर्यंत न लांबविता सप्टेंबरच्या मध्याकडे आणल्यास साठलेल्या ओलीचा अधिक लाभ मिळतो, हे या काळातील प्रयोगांनी दाखविले. एकेका शेताऐवजी संपूर्ण पाणलोट हे विकासाचे एकक मानण्याचा विचारही याच काळात रुजला.

या वाटचालीकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोरडवाहू शेतीला हवे असलेले ज्ञान या भूमीत मोठ्या प्रमाणात उपलब्ध होते. शेतकऱ्याने ते हाताने सांभाळले आणि मांजरी, सोलापूर, विजापूर येथील संशोधकांनी ते मोजून पक्के केले. अडसर आला तो ज्ञान आणि ते अमलात आणण्याची ऐपत यांच्यामध्ये. पाणलोटात एकत्र येऊन जेथे गावांनी श्रम, पैसा आणि संमती यांची सांगड घातली, तेथे तोच बांध आणि तीच कुळवणी फलदायी ठरली. आज या पट्ट्यात विंधन विहिरींची खोली वर्षागणिक वाढत आहे आणि शाळूच्या रानात ऊस उभा राहत आहे. अशा वेळी, जमीन हाच तलाव मानून चालणाऱ्या त्या जुन्या विद्येची उजळणी करणे केवळ इतिहासाच्या जिज्ञासेपुरते मर्यादित राहू नये.