परळच्या राजवाड्यातील साप

१/ उत्तर अमेरिकेत हॉगनोज नावाचा साप हौसेने पाळला जातो. वर वळलेले नाक, सौम्य विष आणि संकट येताच उताणे पडून मेल्याचे सोंग घेण्याची सवय, यांमुळे तो पाळणाऱ्यांचा लाडका. मुंबईतही परळला अनेक वर्षे साप पाळले गेले. ते मात्र जहाल विषारी होते आणि त्यामागे हौस नव्हती. ही त्यांची कथा.

२/ प्रथम वास्तू. मुळात ख्रिस्ती मठाची असलेली ही इमारत अठराव्या शतकात इंग्रजांकडे आली आणि पुढे गव्हर्नरचे निवासस्थान झाली. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. लवकरच गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला.

३/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या रिकाम्या राजवाड्यात आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

४/ सर्पदंशावरील प्रतिविष फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात सिद्ध केले. ते नागविषावरचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय वैद्यकीय सेवेतील जॉर्ज लॅम यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले, की एका जातीच्या विषावरचा उतारा दुसरीवर चालेलच असे नाही.

५/ म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्र चालणारे प्रतिविष हवे होते. आणि त्यासाठी चारही जातींचे जिवंत साप सतत हाताशी हवे होते. हाफकिन संस्थेचे सर्पालय या गरजेतून उभे राहिले.

६/ विष काढण्याची रीत अशी : पात्राच्या तोंडावर पातळ पडदा ताणून बांधायचा, सापाचे डोके धरून त्याला पडद्यावर दंश करू द्यायचा. खाली थेंब जमतात. वाळवले की स्फटिक होतात. हे विष अत्यल्प मात्रेत, क्रमाने वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिकारक द्रव्ये तयार होतात. ती शुद्ध केली की प्रतिविष.

७/ याचा हिशेब निष्ठुर आहे. १० मिलिलिटरची एक कुपी नागाचे किंवा घोणसाचे ६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरशाचे ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. गंभीर रुग्णाला दहा-दहा कुप्या लागतात. आणि फुरशासारखा लहानसा साप एका वेळी देतो ते विष काही मिलिग्रॅमच.

८/ बंदिवासात साप अन्न नाकारतात, त्यांच्या तोंडात व्रण होतात, आयुष्य घटते. हाफकिनमधील डॉ. पी. जे. देवरस यांनी सर्पालयात मिळणाऱ्या विषाच्या नोंदींचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने सामान्य वाचकांसाठी त्यांचे भारतीय सापांवरील पुस्तक काढले.

९/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडण्या-बाळगण्यावर निर्बंध आणले. १९७८ मध्ये तमिळनाडूत इरुळा सर्पमित्रांची सहकारी संस्था स्थापन झाली. ती परवान्याने साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि त्यांना पुन्हा रानात सोडते. देशातील प्रतिविषाचा मोठा भाग आता याच विषावर उभा आहे.

१०/ इथेच लॅम यांचा जुना प्रश्न नव्या रूपात परततो. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार बदलते. मग तमिळनाडूतील विषापासून बनलेले औषध रत्नागिरीच्या कातळावर फुरसे चावलेल्या शेतकऱ्याला तितकेच लागू पडेल का? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण होते.

११/ आज पाळीव सापाचे कौतुक होते तेव्हा परळच्या त्या पेट्या आठवाव्यात. त्यांतील एकाही सापाला कुणी नाव दिले नसेल; पण कोकणातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात शुद्धीवर आलेला माणूस त्यांचा ऋणी होता.