दिव्याच्या बटणाची गोष्ट

तिन्हीसांजेला आपण घरी येता. अंधारात भिंत चाचपता, बोटाला बटण लागते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि खोली उजळते. दिव्याचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. बटणाची चौकशी मात्र कोणी करीत नाही आणि त्या ‘टक्’ आवाजाची तर नाहीच नाही. आज, वाचकहो, त्या आवाजाकडेच जरा कान द्यायचा आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंड परगण्यात क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. त्याचे धनी विल्यम आर्मस्ट्राँग हे बडे कारखानदार. पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करून त्यांनी १८८० साली घरात जोसेफ स्वान यांचे दिवे लावले. पण दिवा विझवायचा कसा? ग्रंथालयातले दिवे त्यांनी मिन्याच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणीच्या बुडातून तारेचे उघडे टोक बाहेर आलेले असे आणि खालच्या बैठकीत पाऱ्याची छोटी वाटी असे. फुलदाणी ठेवली की तार पाऱ्यात बुडे व दिवा लागे. उचलली की विझे. म्हणजे अख्खी फुलदाणी हेच बटण! सरदाराच्या घरी हे शोभले. पण आपल्यासारख्यांच्या घरात पारा कोण सांभाळणार?

मग साधी उघडझाप करणारी बटणे आली आणि खरी अडचण समोर आली. वीज जोडणे सोपे, तोडणे अवघड. वाहती वीज तोडताना दोन धातूंमध्ये ठिणगी पडते. तापलेल्या हवेतून वीज वाहतच राहते. त्या काळी घरांतली वीज बहुधा एकाच दिशेने वाहणारी असे, त्यामुळे ही ठिणगी लवकर विझत नसे. त्यातून लोकांचे हात गॅसच्या दिव्याच्या तोटीला सरावलेले. तोटी कशी, हळूहळू फिरवायची! बटणही तसेच हळूहळू फिरवले की ठिणगी लांबे, पितळ वितळे, आग लागण्याची भीती उभी राही.

यावर तोड काढली न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी, १८८४ साली. त्यांनी बटणात स्प्रिंग घातली. हात कितीही सावकाश चालो, एका ठरावीक जागी आले की स्प्रिंग झटका देते आणि दोन टोके क्षणात दूर होतात. ठिणगीला पाय रोवायला वेळच मिळत नाही. माणसाच्या हाताचा भरवसा सोडून त्यांनी तो स्प्रिंगवर टाकला, एवढीच खरी युक्ती. आपल्या बटणाचा ‘टक्’ हा त्या झटक्याचा आवाज.

आज आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट वाहते. म्हणजे सेकंदात शंभर वेळा ती शून्यावर येते आणि ठिणगी विझायला आयती मदत होते. पण छपरावरच्या सौर पट्ट्यांतून येणारी वीज पुन्हा एकाच दिशेची असते. तिथे घरातले साधे बटण लावून चालत नाही. जुना प्रश्न असा नव्याने दारात आला आहे.

आता जिन्याचे बटण घ्या. खाली लावावे, वर जाऊन विझवावे. यात जादू नाही. अशा प्रत्येक बटणात तीन जागा असतात. एक मधली, दोन बाजूच्या. फेजची तार खालच्या बटणाच्या मधल्या जागी येते, वरच्या बटणाच्या मधल्या जागेतून दिव्याकडे जाते. दोन्ही बटणांच्या बाजूच्या जागा दोन तारांनी जोडलेल्या असतात. दोन्ही बटणे एकाच तारेवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर गेली की विझतो. झालं!

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. बटण फेजच्या तारेत घाला की न्यूट्रलच्या, दिवा लागतो आणि विझतो तसाच. म्हणूनच चूक कळत नाही. बटण न्यूट्रलमध्ये असेल, तर दिवा विझतो खरा, पण २३० व्होल्टचा दाब होल्डरपर्यंत येऊन उभा असतो. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला वाटते, बटण तर बंद आहे! म्हणून बटण फेजच्या तारेतच हवे, असा नियम आहे. आणि बल्ब बदलताना मेन स्विच बंद करावा, हे शहाणपण.

तेव्हा वायरमन घरी येईल त्या दिवशी त्याला एवढे अवश्य विचारा, “बाबा रे, बटणं सगळी फेजमध्येच आहेत ना?” आणि एखाद्या बटणातून ‘टक्’ऐवजी चरचर ऐकू आली, तर ते बदलून टाका. होम्ससाहेबांची स्प्रिंग तिथे थकली असेल.