शक्तिप्रेषण यंत्रणा, ट्रॅक्टरची : कोल्हापूर परिसरातील इतिहास व निगा

ट्रॅक्टरच्या एंजिनात निर्माण झालेली शक्ती मागील चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रसमूहास शक्तिप्रेषण यंत्रणा असे म्हणतात. क्लच, गिअरपेटी, डिफरन्शियल आणि चाकांलगतची अंतिम दंतचक्रे हे तिचे मुख्य भाग होत. कोल्हापूर जिल्ह्यात या यंत्रणेचा इतिहास नांगरटीइतकाच ऊसवाहतुकीशी निगडित आहे. मुख्यत्वे शेतातील ओढकामासाठी आखलेली यंत्रणा येथे रस्त्यावरील जड ओझ्यास जुंपली गेली. त्यामुळे तिची झीज आणि तिची निगा या दोहोंना वेगळे वळण लागले.

पार्श्वभूमी : कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) शाहूपुरी ही गुळाची पेठ वसली आणि राधानगरी धरणाचे काम आरंभिले गेले. पाण्याबरोबर उसाचे क्षेत्र वाढले. उसाचे चरक, पाणी उपसणारे पंप आणि ते चालविणारी तेल-एंजिने यांच्या दुरुस्तीची गरज निर्माण झाली व तीतून शहरात ओतशाळा, लेथ-कारखाने आणि कुशल मिस्त्रींचा वर्ग उदयास आला. शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत त्याचे केंद्र बनली. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील वसाहतींत या उद्योगाचा विस्तार होऊन ट्रॅक्टर व मोटारींसाठी लागणारे ओतीव भागही येथे तयार होऊ लागले. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० नंतरच्या दशकात वारणा, पंचगंगा यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांची उभारणी सुरू झाली आणि शेतापासून कारखान्यापर्यंत ऊस वेळेवर पोहोचविणे हा शेतकऱ्यापुढील मोठा प्रश्न बनला.

भारतात ट्रॅक्टरनिर्मितीस १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर कंपनीने प्रारंभ केला. १९६० नंतरच्या दशकात मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल बी-२७५ इ. विदेशी आराखड्यांचे ट्रॅक्टर देशात बनू लागले. बैलगाडी व मालमोटार यांच्या जोडीने ट्रॅक्टर-ट्रॉली ऊसवाहतुकीत उतरली ती या यंत्रांच्या प्रसाराबरोबर.

रचना : अमेरिकेत १९१७ मध्ये निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरपासून एक महत्त्वाची रीत रूढ झाली. स्वतंत्र सांगाडा न वापरता एंजिन, गिअरपेटी व मागील आस यांची बिडाची कवचे एकमेकांस बोल्टांनी जोडून त्यांचाच ट्रॅक्टरचा कणा बनविला जातो. या रचनेने यंत्र भक्कम व स्वस्त झाले. परंतु क्लचची तबकडी बदलण्यासारख्या कामासाठीही ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत विलग करावा लागतो. सुटा भाग स्वस्त आणि तो बसविण्याची मजुरी व खोळंबा महाग, ही जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीतील नित्याची अडचण होय. गाळप हंगामात असा खोळंबा झाल्यास तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि वाहतुकीचे उत्पन्नही बुडते.

झीज व तिची कारणे : नांगरटीत एंजिनावरील भार मोठा असला, तरी वेग कमी असतो. वाहतुकीत भरलेल्या ट्रॉल्या जागेवरून हलविताना क्लच अधिक घसरतो. जुन्या सरकत्या दंतचक्रांच्या पेटीत ट्रॅक्टर चालता असताना गिअर बदलल्यास दातांच्या कडा तुटतात. दात, गिअर सरकविणारा चिमटा किंवा तो जागी धरणारी स्प्रिंग झिजली, की भाराखाली गिअर आपोआप निसटतो. उतारावर ही गोष्ट प्राणघातक ठरू शकते, कारण गिअर निसटताच एंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि ट्रॉल्यांचे सारे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याची सवयही याच कारणाने घातक होय.

निगा : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व तेल खाली बसू देऊन तेलाची पातळी पाहतात. जुने तेल दिवसाच्या कामानंतर ते कोमट असतानाच सोडावे, म्हणजे तळाचा गाळ त्याबरोबर निघून जातो. तळाच्या लोहचुंबकी बुचावर बारीक राखाडी लेप आढळणे स्वाभाविक आहे; पोलादाचे तुकडे अथवा पापुद्रे आढळल्यास दात किंवा बेअरिंग तुटत असल्याचे समजावे. तेलाची निवड निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच करावी. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या आराखड्यात गिअरपेटी, मागील आस व उचलयंत्रणा यांस एकच तेल पुरते. त्यामुळे गिअरपेटीतील कीस उचलयंत्रणेच्या पंपापर्यंत जातो. तसेच, तीव्र दाबासाठी गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली काही तेले कांस्याच्या बुशांना अपायकारक ठरतात.

क्लचच्या कवचाच्या तळाशी एक लहान छिद्र असते. त्यातून तेल ठिबकू लागल्यास आतील ऑइल सील निकामी झाल्याचे समजते. दुर्लक्ष केल्यास तेल तबकडीवर जाऊन क्लच घसरतो. मागील आसाचे सील गळाल्यास तेल कोरड्या ब्रेकपर्यंत पोहोचते. क्लचच्या पायपट्टीस ठरीव ढिलाई ठेवणे आणि वाहन चालविताना पाय तीवर टेकवून न ठेवणे या साध्या नियमांनी तबकडी व क्लच-बेअरिंग यांचे आयुष्य बरेच वाढते.

पूर व गिअरपेटी : पंचगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठच्या गावांना २००५, २०१९ व २०२१ या वर्षी महापुराचा तडाखा बसला. पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत श्वसनछिद्रातून व सीलांवाटे पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. अशा स्थितीत यंत्र सुरू न करता प्रथम सर्व तेल काढून टाकावे लागते. पेटी धुऊन नवे तेल भरल्यावर थोडा वेळ यंत्र चालवून तेही बदलतात. विलंब झाल्यास बेअरिंगांवर गंज चढतो आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी, ऐन हंगामात, जाणवतो.

दुरुस्तीचे स्थानिक ज्ञान व त्याच्या मर्यादा : बुश कातणे, झिजलेला दंड भरून घेणे आणि तडकलेले बिडाचे कवच आधी तापवून सांधणे ही कामे कुशल कारखान्यांत होऊ शकतात. दंतचक्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे पोलाद पृष्ठभागी कठीण व गाभ्यात चिवट असावे लागते. योग्य उष्णता-संस्कार न झालेले चक्र मापात अचूक असले, तरी लवकर झिजते आणि सोबतच्या चक्रासही झिजविते. क्राऊन व पिनियन ही जोडीनेच घासून जुळविलेली असल्याने ती जोडीनेच बदलावी लागतात.

अलीकडच्या ट्रॅक्टरांत गिअर बदलण्याच्या सुधारलेल्या योजना आणि तेलात बुडालेले ब्रेक आले आहेत. तरीही जुने ट्रॅक्टर चालू ठेवणे अल्पभूधारकास परवडते. ते किती काळ व किती सुरक्षितपणे चालतील, हे मोठ्या दुरुस्तीपेक्षा वेळेवर बदललेले तेल व सील आणि ट्रॉलीत भरलेले ओझे यांवर अधिक अवलंबून असते.