शीड विणणारा शर्यतवीर

शिडाच्या नावांची शर्यत सुकाणूवर बसलेल्याच्या हुशारीवर जिंकली जाते, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. कोकणच्या जुन्या तांडेलाने तो मान्य केला नसता. शीड ताणून बेढब झाले की उत्तम हातही लंगडा पडतो, हे तो जाणून होता. अमेरिकेतील मार्बलहेड या बंदरगावच्या टेड हूडचे (१९२७–२०१३) चरित्र आम्हांला याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हूडने शिडे शिवण्यास आरंभ केला. सुती शीड ओलीने जड होई व ताणले जाई. पुढे पॉलिएस्टरचा धागा आला. पण बाजारचे कापड त्याच्या मनास उतरेना. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने कापड ओढ सोसते, तिरके ओढले की सैल पडते, हे इचलकरंजीच्या विणकरास सांगावयास नको. शिडावर तर असा तिरका ओढा सतत पडतो. त्यासाठी कापडास राळेची खळ देत. ती वापराने झिजते. हूडने उपाय मागावरच शोधला. स्वतःचे माग बसवून त्याने अरुंद पन्ह्याचे, अतिशय घट्ट विणीचे कापड काढले. मागांची देखरेख करीत त्याचे वडील. लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. मुलाच्या धंद्यात बाप असा हाताखाली उभा राहिलेला क्वचितच दिसतो!

१९६२ साली अमेरिका चषकाच्या निवड शर्यतींत हूडची 'नेफर्टीटी' मागे पडली. १९६८ साली 'रॉबिन' नावेने त्याने बर्म्यूडाची शर्यत जिंकली. १९७४ साली निवड शर्यतींच्या अखेरच्या टप्प्यात 'करेजस'चे सुकाणू त्याच्या हाती आले, आणि 'सदर्न क्रॉस'ला ४–० असे हरवून त्याने चषक राखला.

खरी कसोटी १९७७ ची. हूडने स्वतः आखलेली 'इंडिपेंडन्स' घेतली. जुनी 'करेजस' टेड टर्नरकडे गेली. दोन्ही नावा एकाच गटाच्या, आणि 'करेजस' ही नुसती सरावाची जोडीदार, असे पुष्कळांस वाटे. तिसऱ्या नावेवर होता लोवेल नॉर्थ, हाही शिडे करणाराच. नॉर्थची शिडे टर्नरला मिळाली नाहीत. हूडने आपली दिली. प्रतिस्पर्ध्यास आपले हत्यार देणे हा व्यापार म्हणावा की औदार्य? आमच्या मते कारागिराचा स्वाभिमान त्यात अधिक होता. शिडे हूडची, ती ताणावयास हूडच्याच कारखान्यातला रॉबी डॉइल. 'करेजस'ने दोघांनाही मागे टाकले. सप्टेंबरात टर्नरने 'ऑस्ट्रेलिया' या नावेस ४–० असे हरविले, तेही हूडच्या शिडांवर.